चोरीचें वाहन अजाणतां खरेदी झाल्यास
घेणाऱ्याचे हक्क व कर्तव्यें

बैलबाजारांत वाढलेल्या शेतकऱ्यास जनावर पारखण्याचें शिकवावें लागत नाहीं. दांत पाहून वय ठरवावें, भोवरे पाहावे, चार पावलें चालवून खूर व चाल पाहावी, आणि शेवटीं पावती करतांना रंग, शिंगें, डाग व विकणाऱ्याचें नांव-गांव लिहून घ्यावें, हा परिपाठ वडिलांकडून मुलांकडे चालत आला आहे. पावतीवर जनावराचें वर्णन लिहिण्याचा हेतु हाच, कीं उद्यां कोणी "हा बैल माझ्या गोठ्यांतून गेला आहे" असें म्हणत दारीं आला, तर तो आपण कोणापासून व कसा घेतला हें दाखवितां यावें. परंतु तोच शेतकरी जेव्हां चार-पांच लाखांचा जुना ट्रॅक्टर घेतो, तेव्हां रंग, टायर व इंजिनाचा आवाज एवढें पाहून इसार देऊन मोकळा होतो. कागदांचें काय तें दलाल पाहील, असें तो म्हणतो. ह्या निष्काळजीपणाची किंमत केवढी पडते, आणि ती पडल्यावर कायदा आपल्यास कोठवर हात देतो, ह्याचा विचार आम्ही ह्या लेखांत करणार आहों.

आमच्या परिचयाच्या एका बागायतदारांनीं एक जुना ट्रॅक्टर दलालामार्फत घेतला. किंमत 4,20,000 रुपये ठरली. त्यांपैकीं 2,40,000 रुपये बँकेंतून विकणाऱ्याच्या खात्यावर गेले. बाकीचे 1,80,000 रुपये विकणाऱ्याच्या आग्रहावरून रोख दिले व त्यांची पावती घेतली नाहीं. हातीं आलें तें नोंदणीपुस्तक आणि विकणाऱ्याची सही असलेले कोरे नमुने. आपलें नांव लावून घेण्याचें काम "उसाची तोड होऊं द्या, मग पाहूं" म्हणून राहिलें. आठव्या महिन्यांत, रबीच्या ऐन पेरणींत, परजिल्ह्यांतील पोलीस दारीं आले. चेसिसवरील रंग खरवडून पाहतां मूळचे आंकडे घासून त्यांवर नवे ठोकलेले निघाले. पुस्तक खरें होतें, पण तें भंगारांत गेलेल्या दुसऱ्याच ट्रॅक्टरचें होतें. त्याच्या आधारें चोरीचा ट्रॅक्टर विकला गेला होता. पंचनामा झाला, ट्रॅक्टर ठाण्यांत गेला, आणि आमचे स्नेही दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्याकडे आले. त्यांचे प्रश्न तीन होते. ट्रॅक्टर माझा कीं नाहीं? नसल्यास माझा पैसा कोण देईल? आणि मी चोर ठरतों काय? ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्यास ठाऊक असतील त्यानें पुढें काय करावें हें बहुतेक कळलें असें समजावें.

वस्तु कोणाची?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर कडू आहे. मालविक्रीच्या 1930 च्या कायद्याचें कलम 27 असें सांगतें कीं, जो मालक नाहीं व ज्यास मालकानें विकण्याचा अधिकार दिलेला नाहीं, त्यानें वस्तु विकली तर घेणाऱ्यास विकणाऱ्याहून अधिक चांगला हक्क मिळत नाहीं. चोरास हक्क मुळींच नसतो. म्हणून त्याच्यापासून घेणाऱ्यास, त्या घेणाऱ्यापासून घेणाऱ्यास, आणि पुढें दहा हात फिरले तरी शेवटच्या घेणाऱ्यासहि तो मिळत नाहीं. पूर्ण किंमत दिली, उघड्या बाजारांत घेतलें, चार लोकांदेखत व्यवहार झाला, ह्या गोष्टींनीं घेणाऱ्याचा प्रामाणिकपणा दिसतो. मालकी मात्र येत नाहीं. विलायतेंत पूर्वीं असा एक जुना नियम होता कीं, ठराविक उघड्या बाजारांत दिवसाढवळ्या प्रामाणिकपणें घेतलेला माल घेणाऱ्याचाच व्हावा. तो नियम तेथेंहि 1995 च्या जानेवारीपासून रद्द झाला आहे. आपल्या 1930 च्या कायद्यानें तो कधींच घेतला नव्हता.

"पण पुस्तकावर माझें नांव लागलें असतें तर?" असें आमच्या स्नेह्यांनीं विचारलें. आम्हीं त्यांस सातबाराचें उदाहरण दिलें. फेरफार मंजूर होऊन सातबारावर नांव चढलें म्हणजे जमीन निर्विवाद त्याची झाली असें होत नाहीं. ती नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरावयाची, एवढाच तिचा अर्थ. वाहनाच्या नोंदणीचेंहि तसेंच आहे. नोंद हा पुरावा आहे. चोरीची वस्तु तिनें आपली होत नाहीं.

येथें एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. चोरी निराळी व फसवणूक निराळी. मालकानें स्वतःच आपलें वाहन एखाद्यास विकलें, पण त्या मनुष्यानें खोट्या बतावणीनें त्याची संमति मिळविली असेल, तर तो करार मालकास रद्द करतां येतो. परंतु रद्द करण्यापूर्वींच त्या मनुष्यानें तें वाहन तुम्हांस विकलें, आणि तुम्हीं तें प्रामाणिकपणें व त्या दोषाची माहिती नसतां घेतलें, तर कलम 29 प्रमाणें तुम्हांस चांगला हक्क मिळतो. उलट, भाड्यानें नेलेला ट्रॅक्टर भाडेकऱ्यानें विकला, किंवा नांगरटीस पाठविलेला ट्रॅक्टर चालकानें परस्पर विकला, तर त्यास विकण्याचा अधिकारच नसल्यामुळें घेणाऱ्याची स्थिति चोरीच्या मालासारखीच होते. म्हणून "हें चोरीचें आहे" असें कोणी म्हटलें तर मूळ फिर्यादींत नेमकें काय लिहिलें आहे तें प्रथम वकिलाकडून पाहून घ्यावें.

वाहन आपल्याकडे पुष्कळ दिवस राहिलें म्हणून तें आपलें होईल, ह्याहि भरंवशावर राहूं नये. आपली चोरीस गेलेली वस्तु कोणाजवळ आहे हें मालकास प्रथम कळल्यापासून तीन वर्षांच्या आंत त्यास दावा करतां येतो. चोरीस कितीहि काळ लोटलेला असो. मालकास विमा कंपनीनें भरपाई दिली असेल तर मालकाच्या नांवानें कंपनी पुढें येते. अशा वेळीं कंपनीशीं रीतसर किंमत ठरवून तेंच वाहन पुन्हा घेण्याची बोलणी करण्यास हरकत नाहीं. मात्र तीं लेखी व्हावीं आणि न्यायालयास कळवून व्हावीं.

पैसा कोणापासून घ्यावा?

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र घेणाऱ्याच्या बाजूचें आहे. त्याच कायद्याचें कलम 14 सांगतें कीं, विक्रीच्या प्रत्येक करारांत "मला ही वस्तु विकण्याचा हक्क आहे" ही विकणाऱ्याची अट, निराळें कांहीं ठरलेलें दिसत नसेल तर, न लिहितांहि धरलेली असते. घेणाऱ्यास वस्तूचा निर्वेध उपभोग मिळेल हीहि हमी त्यांतच येते. वस्तु चोरीची निघाली कीं ती अट मोडली, आणि दिलेली किंमत परत मागण्याचा हक्क उत्पन्न झाला. विकणारा स्वतः चोर असला पाहिजे असें नाहीं. "मीहि फसलों, मलाहि ठाऊक नव्हतें" हें त्याचें म्हणणें खरें असलें तरी तो सुटत नाहीं. त्यानें आपल्या पैशासाठीं आपल्या आधींच्या विकणाऱ्यास धरावें.

ह्या बाबतींत इंग्लंडांतील 1923 चा रोलंड विरुद्ध डिव्हॉल हा निवाडा प्रसिद्ध आहे. रोलंड ह्या मोटारीच्या व्यापाऱ्यानें डिव्हॉलपासून 334 पौंडांस एक मोटार घेतली व ती पुढें 400 पौंडांस विकली. मोटार सुमारें चार महिने वापरांत होती. मग ती चोरीची असल्याचें निघून पोलिसांनीं ती नेली. रोलंडनें आपल्या गिऱ्हाइकाचा पैसा परत केला व डिव्हॉलवर दावा लावला. डिव्हॉलहि बिचारा अजाणच होता. "एवढे दिवस मोटार वापरली, त्याचें कांहीं वजा करा" असा त्याचा युक्तिवाद होता. अपील न्यायालयानें तो मानला नाहीं. ज्या मालकीसाठीं पैसा दिला ती मुळींच मिळाली नाहीं, म्हणून सर्व 334 पौंड परत द्यावे असें ठरविलें. पुढें 1949 सालीं, मेसन विरुद्ध बर्निंगहॅम ह्या खटल्यांत, चोरीचें टंकलेखन यंत्र घेणाऱ्या बाईंस किमतीखेरीज त्याच्या दुरुस्तीचा खर्चहि मिळाला. विलायतेचे निवाडे आपल्या न्यायालयांस बंधनकारक नाहींत. तथापि आपलें कलम तेथील 1893 च्या कायद्याच्या धर्तीवर असल्यामुळें वकील ते दाखवितात. ट्रॅक्टरला नवे टायर घातले असतील, इंजिन उघडून बसविलें असेल, तर त्या पावत्या जपून ठेवाव्या, हा त्यांतील बोध आहे.

हक्क बजावण्याची रीत साधी आहे. प्रथम विकणाऱ्यास वकिलामार्फत पोंचपावतीच्या टपालानें नोटीस द्यावी. जप्तीची हकीकत, दिलेली रक्कम व परत देण्याची मुदत तींत लिहावी. न दिल्यास दिवाणी दावा लावावा. अशा दाव्याची मुदत साधारणपणें तीन वर्षें असते. तीं कोणत्या दिवसापासून मोजावीं ह्यावर वाद निघूं शकतो, म्हणून जप्ती होतांच कामास लागावें. विकणारा जुन्या वाहनांचा धंदा करणारा व्यापारी असेल तर, आणि वाहन आपल्या निर्वाहाच्या शेतीसाठीं घेतलें असेल तर, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें जिल्हा ग्राहक आयोगाकडेहि जातां येतें. तेथें मुदत दोन वर्षांची आहे. एका शेतकऱ्यानें दुसऱ्यास केलेल्या खाजगी विक्रीस हा मार्ग नाहीं.

फौजदारी न्यायालयाकडूनहि थोडें साहाय्य आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 499 प्रमाणें, चोर अगर चोरीचा माल घेणारा दोषी ठरला, त्याच्या अटकेच्या वेळीं त्याच्याजवळ रक्कम सांपडली असली, आणि तुम्हीं त्याच्यापासून अजाणतां माल घेतल्याचें शाबीत झालें, तर माल मालकास परत गेल्यावर त्या रकमेंतून तुमच्या किमतीपर्यंत पैसा तुम्हांस देण्याचा हुकूम न्यायालय करूं शकतें. त्यासाठीं तुमचा अर्ज पाहिजे. कलम 395 प्रमाणें दंडाच्या रकमेंतूनहि प्रामाणिक खरेदीदारास भरपाई देतां येते. ही तरतूद फार थोड्या लोकांस ठाऊक असते. खटला चालूं असतां अर्ज न देणारा मागें राहतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बँकेचें अगर सोसायटीचें कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला असेल, तर ट्रॅक्टर गेला म्हणून हप्ते थांबत नाहींत. कर्जाचा करार निराळा. जप्ती होतांच बँकेस लेखी कळवावें व हप्त्यांविषयीं मुदत मागावी; न कळवितां हप्ते चुकविल्यास एका संकटाचीं दोन होतात.

आपण गुन्हेगार ठरतों काय?

1 जुलै 2024 पासून जुन्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली आहे. तिच्या कलम 317 प्रमाणें, माल चोरीचा आहे हें जाणून, अगर तसें मानण्यास कारण असून, जो तो अप्रामाणिकपणें घेतो किंवा ठेवून घेतो, त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. अजाणतां घेणारा ह्यांत येत नाहीं. परंतु "मानण्यास कारण असून" हे शब्द शेतकऱ्यानें दोनदां वाचावे. बाजारांत पांच लाखांस जाणारा ट्रॅक्टर दोन लाखांस मिळत असेल, विकणारा पुस्तक दाखविण्याची टाळाटाळ करीत असेल, आंकड्यांवर ताजा रंग असेल, व्यवहार रात्रीं व सर्व रोखीनें करण्याचा हट्ट असेल, तर न्यायालय विचारील कीं तुम्हांस संशय कसा आला नाहीं? शिवाय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 119 प्रमाणें, चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्याजवळ सांपडला व जो त्याचा खुलासा देऊं शकला नाहीं, तो चोर अगर चोरीचा माल जाणून घेणारा आहे असें न्यायालयास गृहीत धरतां येतें. खुलासा देणारा कागद हीच अशा वेळीं शेतकऱ्याची ढाल आहे.

दुसरें असें कीं, घेतांना अजाण असलेला मनुष्यहि मागाहून गुन्ह्यांत सांपडूं शकतो. वाहन चोरीचें आहे हें कळल्यावर जो तें लपवितो, सुटे भाग करून विकतो, किंवा "माझें नुकसान दुसऱ्याच्या गळ्यांत" म्हणून पुढें विकतो, तो आपला निर्दोषपणा आपल्याच हातानें घालवितो. संशय आल्यास आपण होऊन पोलीस ठाण्यांत लेखी कळवावें. त्यानें वाहन जाईल, पण अब्रू राहील, आणि पैसा मागण्याचा हक्कहि शाबूत राहील.

पोलीस वाहन नेण्यास आले असतां अडवूं नये; चोरीच्या संशयाचा माल जप्त करण्याचा अधिकार त्यांस आहे. मात्र जप्ती पंचनाम्याची नक्कल मागून घ्यावी, व तींत टायर, बॅटरी, अवजारें व मीटरचा आंकडा लिहिला गेला आहे कीं नाहीं हें पाहावें. कागदांच्या आधीं नकला काढाव्या, व अस्सल कागद दिले तर त्यांची पोंच घ्यावी. जबाबांत कोणापासून, कोणत्या दिवशीं, किती रकमेस, कोणासमक्ष घेतलें तें नेमकें सांगावें. आठवत नसेल तें बनवून सांगूं नये. त्याच वेळीं विकणाऱ्याविरुद्ध फसवणुकीची आपली स्वतंत्र फिर्यादहि द्यावी. ठाण्यांत नोंदली नाहीं तर ती टपालानें जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, व तेथेंहि दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

जप्त वाहन ठाण्याच्या आवारांत वर्षानुवर्षें गंजत पडावें असा कायद्याचा हेतु नाहीं. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य ह्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें 2002 सालींच सांगितलें आहे कीं, अशीं वाहनें योग्य जामीनकतबा घेऊन लवकर सोडावीं. आतांच्या संहितेच्या कलम 497 मध्यें न्यायालयानें मालाची यादी 14 दिवसांत करावी, छायाचित्रें घ्यावीं, व त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम करावा अशी मुदत घातली आहे. सुपूर्तनाम्यावर वाहन मिळण्याचा अर्ज खरेदीदारासहि देतां येतो. चोरीची फिर्याद दिलेला नोंदणीकृत मालक समोर उभा असेल तर वाहन बहुधा त्यासच मिळेल. परंतु तो पुढें येत नसेल, अथवा आंकड्यांची ओळखच वादांत असेल, तर आपला अर्ज अवश्य द्यावा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधि सेवा समितीकडे जावें. स्त्रिया, अनुसूचित जाति-जमातींचे लोक व ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्नाचे लोक ह्यांस 1987 च्या कायद्याप्रमाणें तेथें मोफत साहाय्य मिळतें.

इसार देण्यापूर्वीं

इतकें सर्व वाचून वाचकांच्या मनांत आलेंच असेल कीं, हे हक्क शेवटीं कागदावर उभे आहेत, आणि तो कागद सौद्याच्या दिवशींच करावयाचा असतो. म्हणून पुढील गोष्टी इसार देण्यापूर्वीं कराव्या.

पहिली, चेसिस व इंजिन ह्यांवरील आंकडे रॉकेलच्या फडक्यानें पुसून स्वतः वाचावे व पुस्तकाशीं अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. आंकडे वांकडेतिकडे, खोल-उथळ किंवा घासलेल्या जागेवर दिसले तर सौदा सोडावा. त्यांवर कागद ठेवून शिसपेन्सिलीनें ठसा काढावा व तो सौदेपावतीस जोडावा. बैलाचे भोवरे लिहितों तसेंच हें आहे.

दुसरी, सरकारी 'परिवहन' संकेतस्थळावर अगर मोबाईलवरील 'एम-परिवहन' ह्यांत वाहनाचा क्रमांक घालून नोंद पाहावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडेहि वाहन चोरीच्या यादींत आहे काय हें क्रमांकावरून पाहण्याची सोय आहे. मुलगा अगर नातू हें काम घटकाभरांत करतो. पण क्रमांक स्वच्छ निघाला म्हणजे ट्रॅक्टर स्वच्छ, असें नव्हे. आमच्या स्नेह्यांच्या बाबतींत क्रमांक स्वच्छच होता. म्हणून पहिली गोष्ट आधीं.

तिसरी, पुस्तकावर बँकेचा बोजा असल्यास बँकेचें ना-हरकत पत्र व नमुना 35 मागावा. वाहन परराज्यांतील असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचें ना-हरकत पत्र पाहिल्याशिवाय पैसा देऊं नये. धंदेवाईक व्यापाऱ्यास 1 एप्रिल 2023 पासून परिवहन कार्यालयाचें अधिकारपत्र लागतें. तें दाखवा म्हणावें.

चौथी, पुस्तकावर ज्याचें नांव आहे त्यासच प्रत्यक्ष भेटावें, त्याच्या गांवीं चौकशी करावी, व सर्व पैसा बँकेंतून त्याच्याच खात्यावर द्यावा. सौदेपावतींत "वाहन माझ्या मालकीचें असून चोरीचें अगर वादांतील निघाल्यास सर्व किंमत व खर्च परत देईन" हें वाक्य घालून घ्यावें, व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या. पावतींत "मागाहून कसलीहि तक्रार चालणार नाहीं" असें वाक्य असल्यास तें खोडल्याशिवाय सही करूं नये.

पांचवी, नमुना 29 व 30 कोरे घेऊन घरीं ठेवूं नयेत. 30 दिवसांच्या आंत आपलें नांव लावण्याचा अर्ज करावा. कार्यालयांत वाहनाची व कागदांची तपासणी झाली कीं लबाडी पुष्कळदां तेथेंच उघडी पडते, आणि तेव्हां विकणारा अजून हाताशीं असतो.

आमच्या स्नेह्यांचें पुढें काय झालें तें सांगून हा लेख संपवितों. पोलिसांनीं त्यांस साक्षीदार केलें, आरोपी केलें नाहीं. बँकेचा उतारा पाहून त्यांचा प्रामाणिकपणा मानला गेला. नोटिशीनंतर विकणाऱ्यानें 2,40,000 रुपये हप्त्यांनीं परत देण्याचें कबूल केलें. रोख दिलेले 1,80,000 रुपये आपणांस पोंचलेच नाहींत असें तो म्हणाला. दलालानें त्या दिवशीं आपण चहा आणावयास गेलों होतों असें सांगितलें. त्या रकमेचा दावा अजून चालूं आहे, आणि पुराव्यास आमच्या स्नेह्यांच्या बोलण्याखेरीज कांहीं नाहीं. कायदा एकच, मनुष्य एकच, सौदाहि एकच. ज्या अर्ध्यास कागद होता तें अर्धें परतण्याच्या वाटेस लागलें, व ज्या अर्ध्यास कागद नव्हता तें अधांतरीं आहे. आमचे स्नेही आतां कोंबडी विकली तरी पावती मागतात, असें लोक थट्टेनें म्हणतात. ती थट्टा ऐकून हंसावें, पण पावती मागावी.